विस्कटलेला लॉग: ओळखावा कसा, सावरावा कसा

मोळी पडली, गाळप सुरू झाले की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. काट्यावरचे वजन आता थेट संगणकात जाते, पावती छापली जाते, शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा अडते, खरेदीदार आणि बाजार समिती एकाच वेळी नोंदी पाहत असतात. कास पठारावर फुलांचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवारच्या बुकिंगसाठी कितीतरी जण एकाच सकाळी बटण दाबतात. एकाच वेळी अनेकांनी वापरायची ही सगळी वेब अ‍ॅप्लिकेशन आहेत, आणि त्यांतली बरीचशी सांभाळणारी मंडळी म्हणजे सातारा, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), सांगली, मिरज अशा गावांतल्या दोन-चार जणांच्या टीम.

तक्रार आली की ही मंडळी पहिल्यांदा लॉग उघडतात आणि नेमका तिथेच गोंधळ सापडतो. दोन ओळी एकमेकांत घुसलेल्या, मधल्या ओळी गायब, नावांच्या जागी चौकटी, कुठे नुसतीच रिकामी जागा. मग लॉग बाजूला ठेवून अंदाजाने उत्तर दिले जाते. हे टाळायला हवे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. म्हणजे वजनाबद्दलची शंका बहुतेक वेळा खेप रिकामी होऊन गेल्यावर, दोन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा येते. तोवर कोणालाच काही आठवत नसते. लॉगमध्ये जे असेल तेवढेच हाती असते.

लॉग अनेक प्रकारे विस्कटतो आणि प्रत्येक प्रकाराचे कारण वेगळे असते. फाइल नेमकी कशी विस्कटली आहे हे बारकाईने पाहिले, तर कारण बहुधा तिथेच कळते. म्हणून आधी पाहणे आणि मग दुरुस्ती, हा क्रम सोडू नका.

कशालाही हात लावण्याआधी

फाइलची जशीच्या तशी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवा. मूळ फाइल नोटपॅडसारख्या संपादकात उघडून सेव्ह करू नका. काही संपादक ओळींचे शेवट आणि अक्षरांचे संकेत परस्पर बदलतात आणि पुरावा तिथेच पुसला जातो.

मग चार गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली, या फाइलमध्ये कोणकोण लिहिते. लिनक्सवर एलएसओएफ ही आज्ञा फाइल उघडून बसलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी देते. एकच प्रोसेस असेल असे वाटत असताना पाच निघणे नेहमीचे आहे, कारण गनिकॉर्नसारखा सर्व्हर प्रत्येक वर्करसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि त्याच्या दस्तऐवजात वर्करची शिफारसच मुळी ‘कोअरची दुप्पट अधिक एक’ अशी आहे. दोन कोअरच्या साध्या सर्व्हरवर पाच लिहिणारे झाले. दुसरी गोष्ट, फाइल त्याच यंत्राच्या डिस्कवर आहे की नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये. तिसरी, जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करण्याचे, म्हणजे रोटेशनचे, काम कोण करते आणि केव्हा. चौथी, विस्कटणे कोणत्या तारखेपासून सुरू झाले. त्या तारखेच्या आसपास वर्कर वाढवले होते का, नवा सर्व्हर जोडला होता का, हे पाहा. अर्धे उत्तर या चार नोंदींतच मिळते.

ओळी एकमेकांत घुसल्या असतील तर

नमुन्यासाठी तयार केलेल्या या ओळी पाहा:

१०:४२:०७.११८ काटा-१ पावती ८८१३ वाहन आत १०:४२:०७.११९ काटा-२ पावती ८८१४ वाहन आत
भरलेले वजन १८.४२० टन
भरलेले वजन २१.०६५ टन

कोणते वजन कोणत्या पावतीचे? या तीन ओळींवरून ते सांगता येत नाही. दोन वजनांत २ टन ६४५ किलोचा फरक आहे आणि तो कोणाच्या तरी खात्यात जाणार आहे.

एकाच रजिस्टरमध्ये दोन कारकुनांनी एकाच वेळी लिहायला घेतले, तर असेच होईल. मात्र ओळ नेमकी कुठे तुटते यावरून तीन वेगळी कारणे ओळखता येतात.

ओळ दर वेळी नोंदीतल्या एकाच ठिकाणी तुटत असेल, वरच्या नमुन्यात ‘वाहन आत’ या शब्दांनंतर, तर दोष कोडमध्ये आहे. कोड एक नोंद दोन हप्त्यांत लिहितो आहे. आधी पावती, मग वजन, आणि ओळ संपल्याची खूण शेवटी. दोन हप्त्यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्याची नोंद घुसते. उपाय सरळ आहे. पूर्ण ओळ, शेवटच्या खुणेसकट, आधी मेमरीत तयार करा आणि एकाच वेळी लिहा.

ओळ कुठेही, अगदी शब्दाच्या मध्ये तुटत असेल, तर बफरवर संशय घ्या. प्रोग्रॅम लिहितो तो मजकूर लगेच फाइलमध्ये जात नाही. तो मेमरीतल्या बफरमध्ये साचतो, बफर बहुधा ४०९६ किंवा ८१९२ बाइटांचा असतो, आणि तो भरला की एकदम बाहेर पडतो. बफर ओळीच्या अध्येमध्ये भरतो, म्हणून ओळही तिथेच तुटते. तुटलेली जागा फाइलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे ते मोजा. ती ४०९६ च्या पटीत येत असेल तर शंका उरत नाही. अनेकांना इथे एक कोडे पडते: हाच प्रोग्रॅम स्वतःच्या लॅपटॉपवर नीट चालतो आणि सर्व्हरवर गेल्यावरच ओळी तुटतात. त्याचे कारण असे की बाहेर पडणारा मजकूर टर्मिनलवर जात असेल तर अनेक भाषा प्रत्येक ओळीनंतर बफर मोकळा करतात. तोच मजकूर फाइलकडे किंवा पाइपकडे वळवला की बफर पूर्ण भरेपर्यंत थांबतात. पायथनमध्ये नुसते प्रिंट वापरले असेल तर हेच घडते. पायथनचे लॉगिंग मॉड्यूल मात्र प्रत्येक नोंदीनंतर बफर मोकळा करते. तेव्हा प्रिंटवर लॉग चालवू नका.

तिसरा प्रकार जास्त घातक आहे. एका ओळीच्या सुरुवातीला दुसऱ्याच लांब ओळीची शेपटी चिकटलेली दिसते आणि मधला मजकूर नाहीसाच झालेला असतो. इथे ओळी मिसळलेल्या नाहीत, एकीवर दुसरी लिहिली गेली आहे. फाइल ‘जोडणे’ पद्धतीने, म्हणजे अपेंड मोडमध्ये, उघडलेली नाही. प्रत्येक प्रोसेस आपापल्या हिशेबाने ‘मी इथवर आलो’ असे धरून चालते आणि दुसरीचे लिखाण पुसते. अपेंड मोडमध्ये फाइलच्या शेवटी जाणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे लिनक्स एका झटक्यात करतो, त्यामुळे हे टळते. मात्र ही हमी त्याच यंत्राच्या डिस्कपुरती. एनएफएस या नेटवर्क फाइल पद्धतीत ती मिळत नाही, आणि दोन सर्व्हरनी सामाईक फोल्डरमधल्या एकाच फाइलमध्ये लिहिणे कधीच सुरक्षित नसते. पाइपबद्दलही एक मर्यादा लक्षात ठेवा: लिनक्सवर ४०९६ बाइटांपर्यंतचे एक लिखाण अखंड जाते, त्याहून मोठे मध्ये तुटू शकते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. म्हणजे ही मर्यादा मराठीत जेमतेम १३६५ चिन्हांची आहे, आणि काना, वेलांटी, मात्रा यांची चिन्हे त्यात वेगळी मोजली जातात.

पीएचपी वापरणाऱ्यांसाठी दोन खास सूचना. स्वतः फाइलमध्ये लिहीत असाल तर अपेंडबरोबर एक्स्क्लुझिव्ह लॉकचा पर्यायही द्या. आणि पीएचपी-एफपीएमच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे ‘चाइल्ड सेड’ असा इंग्रजी मजकूर दिसत असेल आणि १०२४ अक्षरांनंतर ओळ तुटत असेल, तर तो एफपीएमच्या सेटिंगचा परिणाम आहे. आवृत्ती ७.३ पासून लॉग-लिमिट ही मर्यादा वाढवता येते आणि ती सजावटही बंद करता येते.

ओळी गायब होत असतील तर

मध्यरात्रीनंतरच्या किंवा फाइल ठरावीक आकाराची झाल्यानंतरच्या ओळी सापडत नसतील, तर रोटेशन तपासा.

पायथनचे रोटेटिंग फाइल हँडलर पाच वर्करमध्ये स्वतंत्रपणे चालू आहे असे समजा. पहिला वर्कर फाइलचे नाव बदलतो आणि नवी फाइल उघडतो. बाकीच्या चौघांना याचा पत्ता नसतो. त्यांच्या हाती जुनीच फाइल असते आणि ते नाव बदललेल्या फाइलमध्ये लिहीत राहतात. मग त्यांच्यातला दुसरा पुन्हा नाव बदलतो. वेळेनुसार बदलणाऱ्या हँडलरमध्ये तर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत आधीपासून असलेली कालच्या तारखेची फाइल काढून टाकली जाते आणि अख्ख्या दिवसाचा लॉग जातो. विंडोजवर हीच चूक वेगळ्या रूपात दिसते: दुसऱ्याने फाइल उघडलेली असल्यामुळे नाव बदलताच येत नाही आणि परवानगी नाकारल्याची तक्रार येते.

पायथनच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे. लॉगिंग मॉड्यूल थ्रेडसाठी सुरक्षित आहे. अनेक प्रोसेसनी एका फाइलमध्ये लिहिण्याची सोय त्यात नाही. जावामध्येही तसेच आहे. लॉगबॅक किंवा लॉग४जे एका जेव्हीएमच्या आतल्या थ्रेडना सांभाळून घेतात. दोन टॉमकॅटना एकच फाइल दिली की ती हमी संपते. लॉगबॅकमध्ये त्यासाठी प्रुडंट मोड आहे, पण त्यात प्रत्येक नोंदीला फाइल लॉक करावी लागते आणि वेग उतरतो.

म्हणून रोटेशन अ‍ॅप्लिकेशनच्या हाती ठेवू नका. ते लॉगरोटेटसारख्या बाहेरच्या साधनाकडे द्या, आणि फाइल बदलल्यावर ‘नवी फाइल उघडा’ असा सिग्नल अ‍ॅप्लिकेशनला जाईल अशी व्यवस्था करा. एनजिनएक्सला यूएसआर-१ हा सिग्नल दिला की तो आपल्या लॉग फाइल नव्याने उघडतो.

फाइलमध्ये रिकामे पट्टे दिसत असतील तर

ग्रेप चालवल्यावर ओळींऐवजी ‘बायनरी फाइल’ असा निरोप येतो, किंवा लेस या साधनात लांबच लांब एकसारख्या खुणा दिसतात. हे शून्य-बाइट आहेत.

असा पट्टा फाइलच्या सुरुवातीला असेल तर कारण बहुधा लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट हा पर्याय असतो. त्यात फाइलची प्रत काढून मूळ फाइल शून्यावर आणली जाते. अ‍ॅप्लिकेशनने फाइल अपेंड मोडमध्ये उघडलेली नसेल, तर ते आपल्या जुन्या जागेवरूनच पुढे लिहिते आणि आधीची सगळी जागा शून्यांनी भरलेली दिसते. पडताळणी सोपी आहे. एलएस फाइलचा आकार समजा ८०० एमबी सांगते आणि डीयू मात्र डिस्कवर जेमतेम काही एमबी व्यापलेले दाखवते; म्हणजे मधला भाग पोकळ आहे. अपेंड मोड लावला की पट्टे थांबतात. तरीही प्रत काढणे आणि फाइल रिकामी करणे यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी कॉपीट्रंकेटमध्ये जाऊ शकतात. पैशांच्या नोंदी असतील तिथे हा पर्याय वापरू नका.

पट्टा फाइलच्या शेवटाकडे असेल तर त्या वेळी वीज गेली होती का ते पाहा. यंत्र अचानक बंद पडले की फाइलची वाढलेली लांबी नोंदवली जाते, पण मजकूर डिस्कवर पोहोचलेला नसतो. काट्यावरच्या किंवा यार्डातल्या संगणकाला चांगला यूपीएस हवा, याचे हे एक ठोस कारण.

मराठी नावे मोडली असतील तर

इथे आधी एक फरक ओळखा. फाइलभर सगळीकडे मराठी मोडलेले असेल तर प्रश्न संकेताचा, म्हणजे एन्कोडिंगचा आहे. ओळ जिथे तुटते तिथलीच एक-दोन अक्षरे मोडली असतील आणि तिथे प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसत असेल, तर तीन बाइटांचे अक्षर मध्ये कापले गेले आहे. तो वर सांगितलेल्या बफरचाच प्रश्न आहे. संकेत बदलत बसलात तर वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही.

संकेत चुकल्याची खूण ठरलेली आहे. देवनागरीचा पहिला बाइट ई-० आणि दुसरा ए-४ किंवा ए-५ असतो. विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय संकेतात ते वाचले गेले, की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्यामागे चलनाचे किंवा येनचे चिन्ह अशी जोडी ओळभर दिसते. हा मजकूर उलट दिशेने नेऊन बराचसा परत मिळवता येतो. पण हलन्त चिन्हाचा शेवटचा बाइट ८-डी आहे, आणि विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी कोणतेच अक्षर नाही. त्यामुळे परत आणताना जोडाक्षरे फुटू शकतात, ती नजरेने तपासा. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील तर मात्र मजकूर लिहितानाच गेला आहे, तो परत येत नाही.

उपाय म्हणजे लॉगची फाइल उघडताना संकेत स्पष्टपणे यूटीएफ-८ द्या. काट्यावरचे संगणक बहुधा विंडोजचे असतात आणि तिथे पायथन आपल्या मनाने स्थानिक संकेत धरू शकतो. जावामध्ये यूटीएफ-८ हा मूळ संकेत मार्च २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ पासून झाला. त्याआधीच्या आवृत्त्यांवर तो सांगावाच लागतो.

शोध लागत नाही म्हणून ओळच नाही, असेही समजू नका. ‘कऱ्हाड’ हे नाव दोन प्रकारे टाइप होते: एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह येते, दुसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, बाइट वेगळे असतात, आणि युनिकोडचे एनएफसी हे नेहमीचे प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. ग्रेपला एकच सापडते. याशिवाय पायथनचे जेसन मॉड्यूल मुळात प्रत्येक देवनागरी चिन्हाचा सहा अक्षरी सांकेतिक क्रमांक लिहिते. एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद केला की मराठी मराठीतच लिहिले जाते. सगळ्यात खात्रीचा मार्ग असा की लॉगमध्ये नाव न लिहिता पावती क्रमांक किंवा सभासद क्रमांक लिहा. शोधही नेमका लागतो आणि माणसाची खासगी माहितीही लॉगमध्ये सांडत नाही.

ओळ धड, पण नोंद खोटी

हा प्रकार सगळ्यांत धोक्याचा, कारण फाइल स्वच्छ दिसते.

जावाच्या जुन्या कोडमध्ये सिंपल-डेट-फॉर्मॅट हा क्लास अनेक थ्रेडमध्ये सामाईक ठेवलेला असेल, तर भलत्याच तारखा छापल्या जातात. तो थ्रेडसाठी सुरक्षित नाही. जावा ८ मध्ये, २०१४ साली, आलेला डेट-टाइम-फॉर्मॅटर वापरा.

थ्रेडशी जोडलेली माहिती साफ न करणे ही दुसरी चूक. लॉगबॅकच्या एमडीसीमध्ये सभासद क्रमांक ठेवला आणि काम संपल्यावर काढला नाही, तर तोच थ्रेड पुढच्या शेतकऱ्याचे काम करताना आधीच्या शेतकऱ्याचा क्रमांक छापतो. साफसफाई फायनली ब्लॉकमध्येच करा, म्हणजे मध्ये एरर आली तरी ती चुकणार नाही. पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स आणि नोडमध्ये असिंक-लोकल-स्टोरेज ही याच कामाची साधने आहेत.

वेळेचा घोळ तिसरा. एक सर्व्हर भारतीय वेळ लिहितो, दुसरा यूटीसी. गाळप चोवीस तास चालते, त्यामुळे ५ जानेवारीला पहाटे २ वाजताची खेप यूटीसीत ४ जानेवारीच्या रात्री ८:३० ला पडते आणि दिवसाची बेरीज जुळत नाही. अपाचेच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ओळी वेळेच्या क्रमाने नसतील तर मात्र घाबरू नका. तिथे वेळ रिक्वेस्ट आल्याची असते, पण ओळ काम संपल्यावर लिहिली जाते. जे काम लांबले त्याची ओळ मागे पडते.

चौथी गोष्ट वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुराची. पत्त्याच्या रकान्यात कोणी एंटर दाबले आणि तो मजकूर तसाच लॉगमध्ये गेला, तर एकाच्या दोन ओळी होतात. कोणी मुद्दाम खोटी ओळही घुसवू शकतो. बाहेरून आलेल्या मजकुरातली ओळ-बदलाची चिन्हे निष्प्रभ केल्याशिवाय तो लॉगमध्ये जाऊ देऊ नका.

कायमची घडी

या सगळ्यातून एक नियम निघतो: एका फाइलला लिहिणारा एकच असावा. तो पाळण्याचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यात सोपा मार्ग, प्रत्येक वर्करला स्वतंत्र फाइल, नावात प्रोसेस क्रमांक, आणि वाचताना वेळेनुसार एकत्र करणे. दुसरा, अ‍ॅप्लिकेशनने फाइलला हातच लावायचा नाही. पूर्ण ओळ स्टँडर्ड आउटपुटवर सोडायची आणि ती जर्नलडी किंवा सिस्लॉगने गोळा करायची. तिसरा, सगळ्या वर्करनी नोंदी एका रांगेत टाकायच्या आणि एकाच लिहिणाऱ्याने त्या फाइलमध्ये उतरवायच्या. पायथनमध्ये क्यू-हँडलर आणि क्यू-लिसनर त्यासाठीच आहेत. वर्कर वेगळ्या प्रोसेस असतील तर रांगही प्रोसेसांमध्ये चालणारी निवडा. लहान टीमला मी दुसरा मार्ग सुचवेन. त्यात स्वतःचा कोड सर्वांत कमी लागतो. डॉकर वापरत असाल तर एवढे लक्षात ठेवा, की तो १६ किलोबाइटपेक्षा लांब ओळीचे तुकडे करतो. ओळी आखूड ठेवा.

प्रत्येक नोंद एका ओळीत, जेसनच्या स्वरूपात लिहा, एररचा लांबलचक स्टॅक ट्रेससुद्धा त्याच ओळीच्या एका रकान्यात. प्रत्येक रिक्वेस्टला एक क्रमांक द्या आणि तो सगळ्या ओळींवर छापा. एनजिनएक्समध्ये रिक्वेस्ट-आयडी तयारच मिळतो, तो पुढे अ‍ॅप्लिकेशनला पाठवा. मग ओळी मागेपुढे झाल्या तरी एका खेपेच्या सगळ्या नोंदी एका शोधात हाती येतात. वेळ मिलिसेकंदांसह आणि अधिक ५:३० या फरकासह लिहा.

हे केवळ सोयीसाठी नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात सुरक्षित ठेवणे आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे कंपन्यांना आणि संस्थांना बंधनकारक आहे. आणि लॉगची एक प्रत दुसऱ्या गावातल्या किंवा क्लाउडवरच्या यंत्रावर सतत जात राहू द्या. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेली होती. तळमजल्यावरच्या एकुलत्या एका सर्व्हरवर सगळा भरवसा ठेवू नका.

दुरुस्ती झाली की तपासा

हंगामाची वाट पाहू नका. एक छोटा प्रोग्रॅम लिहा: आठ प्रोसेस, प्रत्येकीच्या दहा हजार ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्रोसेस क्रमांक आणि अनुक्रमांक, मध्ये कमी-जास्त लांबीचा मराठी मजकूर, आणि शेवटी पुन्हा तेच दोन क्रमांक. चालू असताना मध्येच एकदा रोटेशन करा. मग सगळ्या फाइल मिळून ओळी मोजा. बरोबर ऐंशी हजार भरल्या पाहिजेत, प्रत्येक ओळीचे दोन्ही टोकांचे क्रमांक जुळले पाहिजेत आणि कोणताही अनुक्रमांक गाळलेला किंवा दोनदा आलेला नसावा. एक ओळ जरी कमी भरली तरी दुरुस्ती अपुरी आहे. वर्करची संख्या किंवा सर्व्हर बदलला की ही चाचणी पुन्हा चालवा.

सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांतून दर वर्षी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिनचा फॉर्म जेवढ्या मनापासून करता, तेवढ्याच मनापासून ही चाचणीही करा. आणि जे आज काटे, सौदे आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअर सांभाळत आहेत, त्यांनी येत्या हंगामाआधी एक दिवस यासाठी काढावा. वजनाबद्दल विचारायला आलेल्या शेतकऱ्याला अंदाज नको असतो. त्याच्या खेपेची नेमकी ओळ त्याला दाखवता आली पाहिजे.